चौकातील तांबडा दिवा आणि दुचाकींचा शेजार

महोत्सवाच्या स्मरणिकेत रस्त्यावरच्या दिव्यांविषयीचा लेख पाहून काही सभासदांना नवल वाटेल. गुडीहत्नूरसारख्या गावी हा प्रश्न दूरचा भासतो हे खरे. तथापि ज्या राष्ट्रीय महामार्गावर आपले गाव वसले आहे, त्यानेच उत्तरेस गेले की नागपूर लागते आणि दक्षिणेस गेले की हैदराबाद. शिक्षणासाठी व नोकरीसाठी मुले याच वाटेने बाहेर पडतात. काही पुण्यालाही पोचतात. घरची धाकटी मुलगी तेथे सायकलवरून शिकवणीला जाते आणि थोरला मुलगा मोटारसायकलवरून कामावर जातो. सकाळी साडेनऊला ही दोघे एकाच चौकात, एकाच तांबड्या दिव्यापाशी, एकमेकांना खेटून उभी असतात. त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात आणि त्यानंतरच्या तीन-चार सेकंदांत काय घडते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम या दोन वाहनांचे नाते पाहू. मोटारसायकल ही सायकलच्याच घरात जन्मली. १८८५ साली जर्मनीत डाइमलर याने लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर पेट्रोलचे इंजिन बसविले. पुढे इंग्लंडात ट्रायम्फ, रॉयल एनफील्ड यांसारख्या कारखान्यांनी आधी सायकली केल्या व मग मोटारसायकली. आपल्या देशातही तेच घडले. लुधियाना येथे १९५६ साली सायकली बनवू लागलेल्या हीरो समूहाने १९८४ मध्ये जपानच्या होंडाशी भागी करून मोटारसायकलचा उद्योग आरंभिला. पुण्यात १९७२ साली निघालेली लूना तर दोघींच्या मधलीच होती. तिला इंजिनही होते आणि पायडलही. चढावर इंजिन कुरकुरू लागले की स्वार पायांनी मदत करी, हे दृश्य आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून देशभर प्रसिद्ध होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे कामगार, महाविद्यालयांतील विद्यार्थी, कचेऱ्यांतील कारकून असे सारे सायकलवर. मग १९६०नंतरच्या दशकात आकुर्डीस बजाजचा स्कूटरचा कारखाना उभा राहिला, १९७२ साली चेतक आली, आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली तरी लोकांनी पाहिली. त्यात वावगे काही नव्हते. दहा-बारा मैलांवर कामाला जाणाऱ्या माणसाला इंजिनाचे मोल विचारावे. परंतु परिणाम असा झाला की ज्या रस्त्यावर सायकलींच्या लोंढ्यात एखादी स्कूटर दिसे, तेथे स्कूटर-मोटारसायकलींच्या लोंढ्यात एखादी सायकल दिसू लागली. नियम मात्र कोणी नव्याने शिकविले नाहीत.

पुणे महापालिकेने प्रयत्न केले नाहीत असे नाही. २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बससाठी राखीव पट्टा सुरू झाला व त्याच्या कडेने सायकलमार्ग आखले गेले. २०१७ च्या डिसेंबरात सर्व शहरासाठी सायकल आराखडा संमत झाला. पण सायकलमार्गाची खरी कसोटी चौकात असते. दोन चौकांच्या मधल्या सरळ रस्त्यावर सायकलस्वार डावी कड धरून कसाबसा निभावून नेतो. चौकाजवळ येताच मार्ग संपतो, फरशी उतरते, आणि जिथे आधाराची सर्वांत अधिक गरज तिथेच तो उघडा पडतो. हैदराबादेस बाह्यवळण रस्त्यालगत २३ किलोमीटरचा, वर सौरफलकांचे छप्पर असलेला सायकलमार्ग २०२३ साली खुला झाला. रविवारच्या व्यायामाला तो उत्तम. मात्र दूध घालणाऱ्याला आणि शाळेच्या मुलाला चौकच ओलांडायचा असतो.

आता मुख्य गोष्ट. दिवा हिरवा होतो तेव्हा सायकलचे काय होते?

सायकल उभी राहते ती चालत असते म्हणून. ती डावीकडे कलली की स्वार नकळत हँडल डावीकडे वळवितो, चाके शरीराच्या खाली येतात आणि तोल सावरतो. वेग असला की यासाठी हँडल केसभर हलले तरी पुरते. वेग नसेल तर ते बरेच हलवावे लागते. म्हणून सुरुवातीचे काही हात सायकल नागमोडी जाते. यात सायकलस्वाराचे कौशल्य कमी असते असे नव्हे, ते यंत्राचे शास्त्रच आहे. ताशी दहा-बारा किलोमीटरचा वेग आला की ती सुतासारखी सरळ धावू लागते. तोवर दोन फूट रुंदीच्या हँडलला निदान तीन-साडेतीन फूट रुंदीची मोकळी जागा हवी.

थोडे गणित करू. धरून चालू की सायकलचा वेग दर सेकंदाला एक मीटरने वाढतो आणि मोटारसायकलचा, फार घाई न करता, दोन मीटरने. दोन्ही वाहने एकाच रेषेवर खेटून उभी असतील तर पहिल्याच सेकंदात मोटारसायकल पुढे सरकते, आणि मागच्या रांगेतील दुसरी-तिसरी पुढल्या दोन सेकंदांत सायकलच्या अंगावरून जाते. म्हणजे सायकल जेव्हा सर्वांत नागमोडी असते नेमके तेव्हाच तिच्या दोन्ही बाजूंनी सर्वांत जास्त गाड्या जातात. आता सायकल पाच मीटर पुढे उभी आहे असे समजा. मोटारसायकलला तिच्या बरोबरीला येण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात सायकलचा वेग ताशी अकरा किलोमीटरपर्यंत पोचलेला असतो, ती सरळ झालेली असते, आणि मोटारसायकलस्वार तिला अंतर राखून बाजूने सहज नेऊ शकतो. त्याचे नुकसान किती? हिशेबाला धरू नये इतके. फार तर गाडीच्या अडीच लांबींइतके.

या पाच मीटरांचे महत्त्व परदेशांत ओळखले गेले आहे. हॉलंडमध्ये व इंग्लंडमध्ये चौकात दोन थांबरेषा आखतात. मोटारी मागच्या रेषेवर थांबतात, सायकली त्यांच्या पुढच्या रंगविलेल्या चौकटीत जाऊन उभ्या राहतात. इंग्लंडात अशी पहिली चौकट ऑक्सफर्ड येथे १९८४ साली आखली गेली. तेथे मोटारसायकललाही मागच्याच रेषेवर थांबावे लागते. मोटारसायकलस्वारांचे म्हणणे असे की आम्हीही दोनच चाकांवर आहोत, आम्हालाही मोटारींच्या पुढे जागा द्या. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. स्पेनमध्ये माद्रिद शहरी अशी पुढची चौकट मोटारसायकलींना खुली आहे. तैवानमध्ये तर ती मोटारसायकल व सायकल या दोहोंसाठीच असते. इंडोनेशियात बांडुंग येथे मोटारसायकलींसाठी तांबड्या रंगाची चौकट आखली गेली.

मग आपण कोणाचे अनुकरण करावे? माझे मत स्पष्ट आहे. जेथे एका दिव्याला चाळीस मोटारसायकली आणि दोन सायकली जमतात, तेथे दोघांना एकच चौकट दिली तर ती सायकलची राहणार नाही. पंगतीला चाळीस पैलवान बसविले आणि दोन पोरांना ‘तुम्हीही बसा’ म्हटले, तसा तो प्रकार होईल. परंतु मोटारसायकलस्वाराला बस आणि ट्रक यांच्या तोंडी ठेवणेही बरोबर नाही. २०२२ साली भारतात रस्त्यावरील अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे दगावली. त्यांत शेकडा ४४ हून अधिक मोटारदुचाकीवरचीच होती. तेव्हा उतरंड सोपी आहे. सर्वांत पुढे सायकली, त्यांच्या मागे मोटारसायकली, आणि त्यांच्या मागे मोटारी व बसगाड्या. रंग लावलेला असो वा नसो, थोरल्याने धाकटीमागे पाच मीटर थांबण्याला रंगाऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

कायदाही याच्या आड येत नाही. १९८९ च्या केंद्रीय रस्तानियमांतच सांगितले होते की थांबण्याची खूण झाली असता गाडीचा कोणताही भाग थांबरेषेच्या पुढे येता कामा नये, आणि सायकलमार्गावर मोटारवाहन चालवू नये. त्या नियमांची जागा २०१७ साली नव्या नियमांनी घेतली, पण रेषेचे महत्त्व कायमच आहे. प्रत्यक्षात पहिली रांग रेषा ओलांडून पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर उभी राहते, आणि दिव्यावरचे आकडे तीनवर आले की इंजिने गुरगुरू लागतात. ते आकडे लोकांना स्वस्थ बसता यावे म्हणून लावले, झाले उलटेच.

भारतीय रस्ते महासभेने १९६२ साली सायकलमार्गांविषयी एक मानक प्रसिद्ध केले होते. त्यातला एक हिशेब मननीय आहे. रस्त्यावर तासाला शंभर ते दोनशे मोटारगाड्या जात असतील तर चारशे सायकली असल्या म्हणजे वेगळा मार्ग द्यावा. गाड्या दोनशेच्या वर गेल्या तर शंभर सायकलींसाठीही तो द्यावा. म्हणजे मोटारी वाढल्या की सायकलींचा हक्क कमी होत नाही, उलट वाढतो. साठ वर्षांपूर्वीची ही दृष्टी आजच्या पुष्कळ शहरवासीयांना नाही. ‘सायकली राहिल्यात कुठे?’ असे विचारून ते मोकळे होतात.

वळणांविषयी दोन शब्द. आपण डावीकडून चालणारे लोक, म्हणून डावे वळण सोपे व उजवे अवघड. पण सायकलस्वाराला डाव्या वळणाचा धोका निराळा असतो. तो सरळ चाललेला असतो आणि उजवीकडून पुढे गेलेली मोटारसायकल एकाएकी त्याच्या पुढ्यातून डावीकडे कापते. वळणाऱ्याने सायकलला आधी पुढे जाऊ द्यावे व मग तिच्या मागून वळावे. सायकलस्वारानेही बस किंवा ट्रक यांच्या डाव्या फटीतून पुढे घुसू नये. चालकाला तेथे काही दिसत नाही.

उजव्या वळणासाठी जपानची रीत घेण्याजोगी आहे. तेथेही वाहतूक आपल्यासारखी डावीकडून चालते. सायकलस्वार चौकाच्या मध्यभागी जातच नाही. हिरव्या दिव्याबरोबर तो सरळ पुढे जाऊन समोरच्या डाव्या कोपऱ्यावर थांबतो, सायकलचे तोंड उजवीकडे फिरवितो, आणि त्या बाजूचा दिवा हिरवा झाला की तिकडच्या वाहतुकीबरोबर निघतो. जपानमध्ये मोठ्या चौकांत पन्नास सी.सी.च्या लहान मोटारदुचाकींनाही हाच नियम आहे. यात एक दिवा जास्त थांबावे लागते, पण कोणाच्या आडवे जावे लागत नाही. जेथे महामार्ग सपाटीवर ओलांडावा लागतो अशा बिनदिव्याच्या फाट्यावरही हीच रीत चालते. आपल्याकडे इच्चोड्याच्या बाजूने येऊन इंद्रवेल्लीकडे जाणाऱ्याला उजवीकडेच वळायचे असते, आणि केसलापूरच्या नागोबा जत्रेच्या दिवसांत त्या वाटेवर गर्दी असते. अशा वेळी डाव्या कडेला थांबून, उतरून, दोन्ही बाजू पाहून सायकल हाती धरून पलीकडे जाण्यात कमीपणा नाही.

आणखी एक हिशेब सायकलस्वारासाठी. तीस मीटर रुंदीचा चौक ताशी पंधरा किलोमीटरने ओलांडायला सात सेकंदांहून अधिक लागतात. ताशी चाळीसने मोटारसायकलला तीन सेकंदही लागत नाहीत. हिरवा दिवा संपता संपता मोटारसायकलमागोमाग चौकात शिरलेला सायकलस्वार मध्यावर असतानाच आडवी वाहतूक सुटते. म्हणून पिवळा दिसताच त्याने थांबावे, मागचा कितीही हॉर्न वाजवो. तांबड्या दिव्यातून सायकल दामटण्याची जी खोड आहे तिचे तर समर्थनच नाही.

मुलांकडून करवून घेण्याजोगा एक प्रयोग सांगतो. शाळेच्या मैदानावर फक्कीने एक रेषा मारावी. सायकलची चाके पाण्याने चांगली भिजवून ती रेषेवर उभी करावी. डावा पाय जमिनीवर, उजवे पायडल वर आणून किंचित पुढे, म्हणजे पहिल्याच दाबात जोर मिळतो. हात खाली येताच निघावे. मागे कोरड्या मातीवर चाकांचा ओला माग उमटतो. तो प्रथम वेलीसारखा वळतो आणि मग सरळ होतो. जेथे सरळ झाला तेथवर टेपने मोजावे. मग तीच सायकल लहान मुलीला द्यावी, नंतर पाठीवर दप्तर घेऊन, नंतर हँडलला पिशवी अडकवून निघावे, आणि दर वेळचे माप मोटारसायकल चालवू लागलेल्या थोरल्या मुलांना वहीत लिहायला लावावे.