सोर्स तोच, मग जोडाक्षरं का तुटली?

प्रश्न : मी मिरजेत मुद्रितशोधनाची कामं करतो आणि लिनक्सवर ईमॅक्स हा एडिटर वापरतो. नवी आवृत्ती हवी होती म्हणून भाच्याच्या सांगण्यावरून सोर्स कोड उतरवून घेतला. 'ल्युसिड हलकं पडतं' म्हणून कॉन्फिगरला तो पर्याय दिला, मग मेक, मग मेक इन्स्टॉल. एकही एरर आला नाही. पण या नव्या ईमॅक्समध्ये 'नमस्ते'तला 'स्ते' हा 'स् ते' असा फुटतो आणि 'कि'ची वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन बसते. तीन फॉन्ट बदलून झाले. पॅकेजमधून आलेल्या जुन्या ईमॅक्समध्ये तीच फाईल व्यवस्थित दिसते. भाचा म्हणतो, पुन्हा मेक कर. केलं, फरक शून्य. सोर्स बिघडलेला असू शकतो का? आणि ते भलंमोठं फोल्डर आता पुसू का?

उत्तर : फोल्डर तूर्त राहू द्या. त्याच्याकडे शेवटी वळू.

थोडक्यात तुमचं कोडं असं : ईमॅक्स दोन्हीकडे ईमॅक्सच, यंत्र एकच, फाईल एकच, तरी एका ठिकाणी मराठी जुळते आणि दुसऱ्या ठिकाणी तुटते. सोर्स बिघडलेला नाही. फॉन्टही निर्दोष आहेत, तर त्यांना आधी मोकळं करू.

फाईलमध्ये 'स्ते' असं काही साठवलेलं नसतं. तिथं ओळीनं चार खुणा असतात : स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा. 'कि'मध्येही आधी क आणि मग वेलांटी, म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमानं. वेलांटी डावीकडे नेणं, स अर्धा करून त ला चिकटवणं ही कामं दाखवण्याच्या क्षणी होतात. फॉन्टमध्ये जोडाक्षरांचे आकार असतात, कोणत्या खुणा एकत्र आल्या की कोणता आकार घ्यायचा याचे नियमही असतात. पण नियम वाचून ते लावणारा कुणीतरी लागतो. लिनक्सवर ही कामगिरी बहुतेक ठिकाणी हर्फबझ नावाची लायब्ररी करते. नाव फारसी आहे. 'हर्फ' म्हणजे अक्षर हे आपल्याला उर्दू गझलांमुळे ठाऊक असतं. 'बाझ' म्हणजे खुलं. 'ओपन टाईप' या फॉन्ट-पद्धतीच्या नावाचं हे फारसी रूप. ईमॅक्सनं 2020 साली आलेल्या 27व्या आवृत्तीपासून या लायब्ररीची साथ धरली. तुमच्या पडद्यावर स आणि ते वेगळे उभे आहेत, म्हणजे नियम लावणारा गैरहजर आहे. फॉन्ट तीन बदला नाहीतर तीस.

तो गैरहजर का राहिला? खरी गाठ इथं आहे, आणि ती एका फार पसरलेल्या समजुतीतून बसते : सोर्स एकच तर प्रोग्रॅमही एकच.

थालीपिठाच्या भाजणीची कृती आठवा. तांदूळ, ज्वारी, हरभराडाळ यांच्याशिवाय पान हलत नाही, पण खाली कुठंतरी 'मेथ्या, असल्यास' असंही लिहिलेलं असतं. दोन घरांत तीच कृती वाचून दळून आणलेली भाजणी वेगळ्या चवीची निघते, आणि दोघी शपथेवर सांगतात की कृतीप्रमाणेच केली. ईमॅक्सच्या सोर्समध्ये असे 'असल्यास' पुष्कळ आहेत. चित्रं दाखवायची का, अक्षरं कशी रेखाटायची, जोडाक्षरं कुणाकडून जुळवून घ्यायची, हे सगळं बांधतेवेळी तुमच्या यंत्रात काय सापडतं त्यावर ठरतं.

हे 'सापडतं का' बघण्याचं काम कॉन्फिगरचं. ती आज्ञा दिल्यावर पडद्यावरून 'चेकिंग, चेकिंग' म्हणत शेकडो ओळी धावतात. तो देखावा नव्हे. बऱ्याच ठिकाणी कॉन्फिगर दोनचार ओळींचा चिमुकला प्रोग्रॅम खरोखर लिहून तो कम्पाईल होतो का ते बघतं. या रिवाजाला कारण आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1985 साली ग्नू ईमॅक्स लोकांना द्यायला सुरुवात केली, ती 150 डॉलरला चुंबकीय टेपवर, सोर्ससकट. ज्या संगणकांवर तो जाणार ते एकमेकांशी न जुळणारे, वेगवेगळ्या कंपन्यांचे. एकावर तयार केलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालणार नाही. तेव्हा प्रत्येकानं आपल्या यंत्रावर बांधून घ्यावा हाच व्यवहार होता. यंत्रायंत्रांतले फरक तपासणारी ही कॉन्फिगर फाईल तयार करून देणारं ऑटोकॉन्फ हे साधन 1991 साली आलं आणि तेव्हापासून हा विधी ठरूनच गेला.

गंमत अशी की काही गोष्टी सापडल्या नाहीत तर ईमॅक्सचं कॉन्फिगर मोठ्यानं ओरडून थांबतं. सुरक्षित जोडणीसाठी लागणारी ग्नू-टीएलएस ही त्यातली एक. ती नको असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं. हर्फबझच्या बाबतीत मात्र ते थांबत नाही. नसेल तर नसेल, पुढं चला. शेवटी एक तक्ता छापतं : हे वापरणार का, हो, ते वापरणार का, नाही. तुमच्या तक्त्यात हर्फबझपुढं 'नो' आलेलं असणार. पण एरर न आल्याच्या आनंदात तो तक्ता कोण वाचतं? मीही पहिल्या खेपेला वाचला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, हर्फबझ तर माझ्या यंत्रात आहे. लिब्रेऑफिसमध्ये मराठी उत्तम दिसते. बरोबर आहे, आणि म्हणूनच भलेभले इथं अडखळतात. लायब्ररीचे दोन भाग असतात. एक चालण्यापुरता, तो तुमच्याकडे आहे. दुसरा बांधण्यासाठी लागणारा : त्यात हेडर फाईली असतात, म्हणजे या लायब्ररीत कोणकोणती फंक्शनं आहेत आणि प्रत्येकाला काय काय द्यावं लागतं याची यादी. ही यादी हातात नसेल तर कम्पायलरला लायब्ररीशी बोलताच येत नाही. बहुसंख्य लोक काही बांधत नाहीत, म्हणून डेबियन, उबुंटूवाले हा दुसरा भाग वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवतात. त्या पॅकेजच्या नावाच्या शेवटी 'डेव्ह' असतं, फेडोरावर 'डेव्हेल'.

भाच्याचा ल्युसिडचा सल्ला चुकीचा नव्हता. ईमॅक्सच्या खिडक्या, मेन्यू रेखाटण्यासाठी जे पर्याय आहेत त्यांतला एक ल्युसिड, दुसरा जीटीके. ल्युसिड खरंच हलकं आहे आणि अनेक जुने ईमॅक्सकर तेच निवडतात. मात्र डेबियन आणि उबुंटूवर जीटीकेचं डेव्ह पॅकेज बसवलं की त्याच्या शेपटीला धरून हर्फबझचंही येतं, त्यामुळं जीटीके घेणाऱ्यांना हा प्रश्न पडतच नाही. ल्युसिडच्या वाटेनं गेलेल्याला ते स्वतः आणावं लागतं.

मग पुन्हा मेक करून फरक का पडला नाही? मेक हा स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली बेल लॅब्जमध्ये लिहिलेला, अत्यंत हिशेबी प्रोग्रॅम. तो फाईलींच्या वेळा ताडून बघतो. सोर्सची फाईल तिच्यापासून बनलेल्या फाईलीपेक्षा नवी असेल तरच ती पुन्हा कम्पाईल करायची, एरवी हात लावायचा नाही. तुम्ही सोर्समध्ये काहीच बदललं नव्हतं, म्हणून त्यानंही काही केलं नाही. शिवाय काय आहे आणि काय नाही हे तो स्वतः शोधत नाही. कॉन्फिगरनं जे टिपून ठेवलं त्यावर विसंबतो. म्हणून नुसतं डेव्ह पॅकेज बसवून मेक चालवलंत तरी वेलांटी उजवीकडेच राहील. कॉन्फिगर पुन्हा चालवायला हवं.

तेव्हा क्रम असा. हर्फबझचं डेव्ह पॅकेज बसवा. एकेक शोधत बसायचं नसेल तर डेबियन, उबुंटूवर 'ॲप्ट बिल्ड-डेप ईमॅक्स' ही आज्ञा तयार पॅकेज बांधायला लागलेलं सगळं सामान एकदम आणून देते. फक्त सोर्स-पॅकेजांची नोंद आधी चालू केलेली असावी लागते. मग कॉन्फिगर, पूर्वीच्याच पर्यायांसह, आणि या वेळी तक्ता वाचायचा. हर्फबझपुढं 'येस' दिसलं की मेक.

मेक चालू असताना 'टेमॅक्स' असं नाव दिसलं तर ती टायपिंगची चूक समजू नका. सी भाषेतला गाभा आधी तयार होतो, तो टेमॅक्स. ईमॅक्सचा बराचसा भाग लिस्प भाषेत आहे; टेमॅक्स त्यातला मूळ भाग वाचून घेतो आणि वाचलेल्या अवस्थेचाच साठा फाईलीत उतरवून ठेवतो, म्हणजे रोज उघडताना पुन्हा वाचायला नको. बांधल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमनंच उरलेल्या बांधकामाला हातभार लावायचा, असा हा मामला आहे.

मेक संपल्यावर लगेच इन्स्टॉल करू नका. ईमॅक्स न बसवताही चालतो : सोर्सच्या फोल्डरमध्ये 'एसआरसी' नावाचं फोल्डर आहे, त्यातला ईमॅक्स सरळ उघडा. कंट्रोल-एच आणि मग एच दाबलंत की जगभरच्या लिप्यांमधल्या अभिवादनांचं पान येतं. हिंदीच्या ओळीत 'नमस्ते' आहे. त्यातला 'स्ते' जुळलेला दिसला की काम झालं. मनात शंका उरली तर 'सिस्टिम-कॉन्फिगरेशन-फीचर्स' या व्हेरिएबलची किंमत बघा. बांधताना काय काय आत गेलं त्याची यादी तिथं मिळते.

मग मेक इन्स्टॉल. त्यानं जुन्या ईमॅक्समधलं काही पुसलं जाईल ही भीती नको. वेगळं सांगितलं नसेल तर नवा ईमॅक्स 'यूएसआर-लोकल'खाली जातो आणि पॅकेजवाला 'यूएसआर'खाली आपल्या जागी राहतो. म्हणून तर तुम्हाला दोन्ही शेजारी ठेवून बघता आले. ईमॅक्स म्हटल्यावर शेल सहसा 'लोकल'मधला आधी उचलतो. एखाद्या टर्मिनलमध्ये जुनाच उघडला तर शेलनं आधीचा पत्ता लक्षात धरलेला असतो. नवं टर्मिनल उघडा.

आता ते फोल्डर. तयार पॅकेज काढायचं तर पॅकेज-व्यवस्थेला सांगता येतं, कारण तिच्याकडे नोंद असते. तुम्ही हातानं बसवलेल्या ईमॅक्सची तिला गंधवार्ता नाही. तो काढण्याची सोपी वाट म्हणजे त्याच फोल्डरमध्ये जाऊन मेक अनइन्स्टॉल म्हणणं. जागेची फार चणचण असेल तर मूळ उतरवलेली संकुचित फाईल जपून ठेवा, कॉन्फिगरला दिलेले पर्याय एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, म्हणजे ते फोल्डर पुन्हा उभं करता येईल, आणि बाकीचं पुसा.