सरासरी श्रेणी : काढावी कशी व वाचावी कशी

सत्राच्या अखेरीस प्रगतिपत्रके भरण्याची घाई सुरू झाली की वर्गशिक्षकाचे सारे लक्ष शेवटच्या रकान्याकडे लागते. तेथे ‘ब-१’ किंवा ‘क-२’ असे लिहिले म्हणजे वर्षाचा हिशेब पुरा झाला, असे त्यास वाटते. पालकही पत्रक हाती येताच प्रथम तोच रकाना पाहतात. म्हणून तो कसा सिद्ध होतो, व त्यातून काय कळते आणि काय कळत नाही, याचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला व त्यातील कलम २९ ने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचे तत्त्व घालून दिले. त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी जो निर्णय काढला, त्यात इयत्ता तिसरी व चौथीसाठी आकारिक मूल्यमापनास ६० व संकलित मूल्यमापनास ४० असा भारांश ठरविण्यात आला. श्रेण्यांचे पट्टे असे : ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड, आणि त्याखाली इ-१ व इ-२.

पहिली चूक भारांशाची होते. समजा, एका मुलाला आकारिकमध्ये ६० पैकी ४५ व संकलितमध्ये ४० पैकी १६ गुण मिळाले. कोणी ७५ टक्के व ४० टक्के यांची सरासरी ५७.५ काढून क-१ लिहितो. वस्तुतः ४५ व १६ मिळून ६१ होतात व श्रेणी ब-२ येते. शिक्षकाच्या त्रैराशिकापायी मुलाची एक पायरी जाते.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. श्रेण्यांना १०, ९, ८ असे बिंदू देऊन त्यांचीच सरासरी काढण्याचा मोह होतो. एका मुलीस चार विषयांत प्रत्येकी ८१ गुण आहेत. बिंदू सर्वत्र ९, सरासरी ९. दुसरीस ९०, ९०, ८० व ८० आहेत. बिंदू ९, ९, ८, ८ आणि सरासरी ८.५. गुणांची सरासरी पाहिली तर पहिलीची ८१ व दुसरीची ८५! जी पुढे ती मागे पडली. श्रेणी हा पट्टा असल्यामुळे तिच्यात गुणांचा बारीक फरक आधीच गळून गेलेला असतो. म्हणून हाती गुण असताना सरासरी गुणांचीच काढावी व पूर्णांक करणे ते अगदी शेवटी, एकदाच करावे.

महाविद्यालयांत बिंदूंचीच सरासरी काढतात हे खरे; पण तेथे प्रत्येक विषयाचे श्रेयांक विचारात घेतले जातात. चार श्रेयांकांच्या विषयात ८ व दोन श्रेयांकांच्या विषयात ५ बिंदू असल्यास ३२ व १० मिळून ४२, त्यास ६ ने भागून ७ येतात. नुसती सरासरी ६.५ आली असती. केंद्रीय माध्यमिक मंडळाच्या दहावीच्या निकालात २०१७ पर्यंत बिंदूंच्या सरासरीस ९.५ ने गुणून अंदाजे टक्केवारी काढीत. तो गुणक त्या मंडळापुरता होता; प्राथमिक शाळेच्या पत्रकास तो लावू नये.

आता खरा प्रश्न वाचनाचा. चौथीतील एका मुलाचे गुण असे धरू : मराठी ७२, इंग्रजी ५८, गणित ३४, परिसर अभ्यास ६६, कला ८८, कार्यानुभव ९०, शारीरिक शिक्षण ९२. बेरीज ५००, सातांनी भागता ७१.४, म्हणजे ब-१. हिशेब बिनचूक आहे, आणि पालक समाधानाने सही करतील. परंतु पहिल्या चार विषयांचीच सरासरी ५७.५ आहे, आणि गणितात मूल ड श्रेणीच्या अगदी तळाशी उभे आहे. चित्रकलेतील व मैदानावरील त्याचे कौतुक कमी लेखण्याचे कारण नाही, ते त्याने कमावलेले आहे. तथापि कलेच्या ८८ गुणांनी हातच्याची वजाबाकी येत नाही, आणि पाचवीच्या वर्गात भागाकार व अपूर्णांक त्याची वाट पाहत असतात. सरासरीने हे झाकले, आणि झाकले गेल्याचे कोणास कळलेही नाही.

अशा वेळी शेवटचा रकाना नियमाप्रमाणे ब-१ च लिहावा; त्यात खाडाखोड करण्याचे प्रयोजन नाही. वर्णनात्मक नोंदीत मात्र ‘गणितात सुधारणा आवश्यक’ असे मोघम न लिहिता, मूल नेमके कोठे अडते ते लिहावे : दोन अंकी बेरीज जमते, हातचा घेऊन वजाबाकी करताना दशकस्थान चुकते, सातच्या पुढील पाढे कच्चे आहेत. पालक सहीसाठी आले असता पत्रकातील गणिताची ओळ प्रथम वाचून दाखवावी व एकूण श्रेणी त्यानंतर सांगावी.