कासची फुलं आणि फीडबॅक लूप

कंट्रोल सिस्टिमच्या लेक्चरला डुलकी लागली असली तरी एक गोष्ट आठवत असेलच : सेन्सर नाही तर फीडबॅक नाही. पर्यटनाचंही तसंच. ‘गर्दी फार झाली बुवा’ ही नुसती तक्रार. निर्देशक म्हणजे नियमित मोजायचा आकडा आणि तो बिघडला की काय करायचं याचा आधीच घेतलेला निर्णय.

साताऱ्याजवळचं कास पठार घ्या. २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर ते जागतिक वारसा यादीत आलं. गर्दी आवरायला बुकिंग आणि दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा आली. कुंपणही घातलं. माणसं थांबली, पण चरणारी गुरंही थांबली. गवत माजून फुलं कमी होताहेत अशी ओरड झाली आणि पुढे कुंपण काढावं लागलं.

म्हणजे नुसती माणसं मोजून भागत नाही. ठरावीक चौरस मीटरमधली फुलं, कचरा, गावाचं पाणी, स्थानिकांना मिळालेलं काम हेही दरवर्षी मोजायला हवं. आणि सरासरीवर विसंबू नका. सरासरीने भात शिजवला तर फीस्टच्या दिवशी मेसमध्ये काय होतं, हे होस्टेलकरांना सांगायला नको!