मधुमेह्याच्या हृदयाची वही

घरात कोणाला मधुमेह निघाला की सगळ्यांचं लक्ष साखरेवर जातं. "आज उपाशीपोटी किती आली?" हा प्रश्न रोज होतो, "कोलेस्टेरॉल किती आहे?" हे वर्षभरात कोणी विचारत नाही. टाइप २ मधुमेह असलेल्यांमध्ये सर्वाधिक मृत्यू होतात ते मात्र हृदयविकाराने आणि पक्षाघाताने. तेव्हा साखरेच्या वहीतच हृदयाचा हिशेबही ठेवायला हवा. ती वही कशी मांडायची आणि चालवायची, त्याची ही कृती. आईबाबांसाठी मुलांनी एखाद्या रविवारी बसून मांडून दिली तर उत्तमच.

लागतं ते एवढंच: दोनशे पानी वही, दंडाला बांधायचं डिजिटल बीपी मशीन (मनगटाचं नको), ग्लुकोमीटर, शिंप्याची मोजपट्टी, जुने रिपोर्ट आणि घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्यांच्या पट्ट्या.

पहिल्या पानावर तीन आकडे लिहा. पहिला एचबीएवनसी, म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज. तो बहुतेकांनी ७ च्या आत ठेवायचा असतो. खूप वय झालेलं असेल किंवा साखर वारंवार एकदम उतरत असेल, तर डॉक्टर थोडी ढील देतात. दुसरा रक्तदाब, १३०/८० च्या खाली. तिसरा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आणि फसगत होते ती इथेच. लॅबच्या कागदावर ११५ किंवा १२० पुढे लाल खूण नसते म्हणून माणूस निश्चिंत होतो. लॅबची ती रेघ मधुमेह्यासाठी आखलेली नसते. मधुमेह असेल तर एलडीएल १०० च्या आत हवं, सोबत रक्तदाब, तंबाखू किंवा किडनीची तक्रार असेल तर ७० च्या आत आणि आधी अटॅक येऊन गेला असेल किंवा अँजिओप्लास्टी झाली असेल तर ५५ च्या आत. तुमच्यासाठी यातला कोणता आकडा, ते डॉक्टरांना विचारून त्याच पानावर लिहून ठेवा.

तिन्ही आकडे एकत्र का? डेन्मार्कमधल्या स्टेनो केंद्रात १६० मधुमेही रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले, निम्म्यांची साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल एकाच वेळी नेटाने खाली आणलं, शिवाय आहार-व्यायामही सांभाळला. २००३ साली निष्कर्ष आले: सुमारे आठ वर्षांत दुसऱ्या गटातला हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका जवळपास निम्मा झाला होता. साखरेच्या एकट्या आकड्यावर समाधान मानू नये, असं म्हणतात ते यासाठी.

त्याच पानाच्या खाली लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची जागा ठेवा. ही तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायला हवी आणि नेमकी तीच राहून जाते. आकडा ३० च्या वर असेल आणि पुन्हा तपासूनही तसाच आला, तर किडनी झिरपू लागली आहे, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही धोका वाढला आहे असं समजावं. ईसीजी कधी आणि किती वेळा काढायचा, तेही डॉक्टरांना विचारा.

आता मोजपट्टी. श्वास सोडून, बेंबीच्या पातळीवर, पट्टी न आवळता कंबर मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही मर्यादा आहे. "मी तर सडपातळ" म्हणून ही पायरी गाळू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये आपलाच दाखला छापला होता: दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडची चरबी अशी वजनकाट्यावर दिसत नाही.

रक्तदाब मोजायला सगळ्यात जास्त निगुती लागते. सकाळी उठून लघवीला जाऊन या. चहा, नाश्ता आणि गोळ्या नंतर. पाठ टेकेल अशा खुर्चीत पाच मिनिटं स्वस्थ बसा; टीव्ही बंद, बोलणं बंद. पाय जमिनीवर टेकलेले, मांडी किंवा तिढा घातलेला नको. दंड उघडा करा, शर्टाची बाही वर सारून तिचा फास होऊ देऊ नका. पट्टा कोपराच्या खळगीपासून दोन बोटं वर बांधा, हात टेबलावर छातीच्या उंचीला टेकवा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. चांगला आलेला तेवढा लिहायचा, असं करू नका. रात्री पुन्हा असंच. सलग सात दिवस लिहून पहिला दिवस सोडून द्या आणि उरलेल्यांची सरासरी काढा. दवाखान्यात धावतपळत पोचून एकदा घेतलेल्या मापापेक्षा ही सरासरी डॉक्टरांच्या जास्त उपयोगाची.

एखाद्या दिवशी उभं राहूनही मोजा. जुन्या मधुमेहात नसा कमजोर झाल्या की उठल्याबरोबर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. तसं दिसलं तर डॉक्टरांना लगेच सांगा.

मग गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर मांडून प्रत्येकीपुढे ती कशासाठी आहे ते लिहा. एकच औषध दोन नावांनी चालू असल्याचं याच वेळी लक्षात येतं. कोलेस्टेरॉलची गोळी रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बंद करू नका; तो नॉर्मल आला तो गोळीमुळेच. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या वेगळ्या काढा, कारण त्या रक्तदाब वाढवतात आणि किडनीवर, हृदयावर ताण आणतात. हृदयविकार, हार्ट फेल्युअर किंवा किडनीचा त्रास असेल तर एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गटातलं औषध आपल्याला चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. साखर उतरवण्यापलीकडे ती हृदयाला आणि किडनीला आधार देतात आणि आता त्यांची स्वस्त जेनेरिकही मिळतात.

जेवणाचं थोडक्यात. अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं, भाकरी-पोळी आणि भात मिळून पाव, उरलेल्यात वरण, उसळ, अंडं किंवा मासे. मीठ माणशी दिवसाला सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं धरून. मिसरी, तंबाखू, विडी बंद. यात तडजोड नाही. रात्री जेवल्यावर सोफ्यावर न बसता दहा-पंधरा मिनिटं फिरून या, आठवड्याचं चालणं दीडशे मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका. एकादशी, चतुर्थी करायची असेल तर गोळ्या-इन्सुलिनचं डॉक्टरांशी आधी बोला: काही औषधांनी साखर धोकादायक उतरते, आणि एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन चालू असताना कडक उपवास केला तर रक्तात आम्ल साठू शकतं.

शेवटचं पान वहीत न ठेवता फ्रिजवर चिकटवा. मधुमेह्याला अटॅकमध्ये छातीत कळ येईलच असं नाही. दरदरून घाम, अचानक धाप, जबडा किंवा डावा हात दुखणं, पोटाच्या वरच्या भागात दाब, मळमळ, कधीच नव्हता असा थकवा, यातलं काहीही असू शकतं. "गॅस झालाय" म्हणून ओवा-सोडा देत बसू नका. माणसाला बसवा, एकाने १०८ ला फोन करावा, तोवर दुसऱ्याने साखर मोजावी. ७० च्या खाली असेल आणि शुद्ध नीट असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. साखर ठीक असून त्रास चालूच असेल तर तो हृदयाचाच धरा. जिन्याने चालत खाली नेऊ नका. अशा वेळी ॲस्पिरिन चावून खायला द्यायची का आणि किती, हे डॉक्टरांकडून आजच विचारून याच कागदावर लिहा. खाली जवळच्या चोवीस तास कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची सोय) असलेल्या रुग्णालयाचं नाव, फोन आणि चालू औषधांची यादी.