गॅस भरायच्या आधी

भाच्या, मे महिन्यात गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला की जो तो म्हणतो, ‘गॅस संपला असेल.’ पण एसीचा गॅस डिझेलसारखा जळून जात नाही, बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झालाच तर कुठून तरी गळतोय, आणि गळती काढल्याशिवाय भरलेला गॅस म्हणजे फुटक्या घागरीत ओतलेलं पाणी.

आपल्या भोकरदनकडे आधी बंपरमागची जाळी बघायची. रेडिएटरच्या पुढे असतो तो कंडेन्सर. गाडीतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. हिवाळाभर आपण कापसाच्या ट्रॅक्टरमागून चालतो, मळणीच्या धुरळ्यातून जातो. ते तंतू, भुसा, किडे सगळं त्या बारीक पात्यांत रुतून बसतं. थंडीत काही जाणवत नाही. पारा चाळिशीपार गेला की एसी दम टाकतो. बॅटरीच्या उजेडात वाकून बघ, करडा थर दिसेल. इंजिन थंड असताना साध्या नळीच्या हलक्या धारेने धू. प्रेशरची धार जवळून मारू देऊ नकोस, पाती मुडपतात.

मग पंखा. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला निघालास आणि रस्ता मोकळा असताना गार वाटलं, पण गर्दीत गाडी थांबताच गरम वारा आला, तर कंडेन्सरच्या पंख्यावर संशय घे. चालत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला पंखाच लागतो. बॉनेट उघड, इंजिन चालू ठेव आणि एसी लाव. पंखा फिरायला हवा. फिरत नसेल तर फ्यूज आणि रिले बघ. दोन्ही स्वस्तातली कामं. पंख्यात आणि पट्ट्यात हात जाणार नाही याची मात्र काळजी घे. पंखा अचानक सुरू होतो.

पंखा ठीक असेल तर कंप्रेसरकडे कान दे. बऱ्याच गाड्यांत क्लच पकडताना ‘टक्’ असा आवाज येतो. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तिथे नळ्यांवरून अंदाज घ्यायचा. कंप्रेसरकडे परत येणारी जाड नळी गार लागली पाहिजे. पुढे जाणारी नळी चांगलीच तापते, तिला हात लावू नकोस. जाड नळी कोमटच असेल आणि एखाद्या जोडावर तेलकट धूळ चिकटलेली दिसली, तर गळतीची जागा बहुधा तीच. गॅसबरोबर आतलं तेलही बाहेर येतं ना!

आता गॅस भरायचाच असेल तर गॅरेजवाल्यापाशी उभा राहा. आधी गळती काढायला सांग, मग वीस-तीस मिनिटं व्हॅक्यूम आणि त्यानंतर वजनावर गॅस. कोणता गॅस आणि किती ग्रॅम, ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो. स्वयंपाकाचा गॅस कुणी भरू म्हणालं तर तिथून निघून ये, तो पेट घेतो.

तासभर गार हवा देऊन मग वाराच कमी झाला, तर आत बर्फ धरलाय. एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं चालव. वारा परत येईल. केबिन फिल्टरही त्याच वेळी काढून बघ. धुळीने भरलेला असला तर बदल.

फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकला, तर एसी लगेच बंद कर. तिथे एसीपेक्षा इंजिन सांभाळायचं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काचा आधी मिनिटभर उघड्या ठेव, मग एसी लाव आणि आतली हवा फिरवायचं बटण दाब.

आणि एसी चालू आहे म्हणून लेकरांना किंवा म्हाताऱ्या माणसांना गाडीत बसवून दुकानात जाऊ नकोस. तो कधी बंद पडेल सांगता येत नाही, आणि बंद काचांच्या गाडीत उन्हाने काही मिनिटांतच जीव कासावीस होतो.