पाना उचलायच्या आधी

लेका, पुण्यात गॅरेज टाकलंस, लिफ्ट बसवलीस, एअर गन घेतलीस, झकास. फक्त अनोळखी नट समोर आला की ती गन टांगलेलीच राहू दे. पहिलं काम रॉकेल आणि तारेचा ब्रश. इंजिनाच्या तोंडाशी तेल-धुळीचा असा थर बसतो की बारा कोन सहा दिसतात आणि वॉशर नटाचाच भाग वाटतो. साफ कर, बॅटरी मार, अडचण असेल तर आरसा घाल, आणि मग विचार कर की कारखान्यात हा कशाने आवळला असेल. कुणीतरी आवळलाय म्हणजे पान्याला बसायची जागा त्यात असणारच. ती सापडेपर्यंत जोर लावायचा नाही.

मग माप. वर्निअर लाव, समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर घे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नाही. आकडा १२.७ आला तर ते अर्धा इंच. अ‍ॅम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं इंजिन विलायती बीएमसीच्या घराण्यातलं, तिथे सगळा हिशोब इंचात. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ नंबर आरामात बसतो आणि घात होतो तो तिथेच. तीन दशांश मिलिमीटरची ढिलाई हाताला कळत नाही, पण जोर दिला की पाना फक्त कोपऱ्यांवर टेकतो आणि नट गोल होतो. ९/१६ वर १४ चढत नाही, १५ नुसता फिरतो. ३/४ ला मात्र १९ खुशाल लाव. कुर्ल्याच्या पद्मिनीत फिएटची मापं, १०, १३, १७. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा जपानी मापं आली. बोल्ट तोच आठ एमएमचा, पण डोकं १३ ऐवजी १२. तुझ्या आजोबांच्या पेटीत १२ आणि १४ चे पाने सगळ्यात नवे का दिसतात, ते आता कळलं असेल.

स्टारच्या भानगडीत पोरं जास्त फसतात. आत खाच असलेला स्टार ‘टी’ नंबरचा, बाहेरून स्टार असलेलं डोकं ‘ई’ नंबरचं, आणि दोन्हींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. ई-१० हा आकाराने टी-५० च्या जोडीचा, टी-१० च्या नाही. ई-८ वर सहाकोनी गोटी ठोकून बसवणारे कारागीर मी पाहिलेत. बसते, एकदा सुटतोही, पण पुढच्या माणसासाठी तो बोल्ट मेला. जर्मन गाड्यांत, फोक्सवॅगन-स्कोडात, आणखी एक प्रकार भेटेल. आतली खाच स्टारसारखीच दिसते, पण टोकं मोज. सहा असली तर स्टार, बारा असली तर एक्सझेडएन, त्याचा बिट वेगळा. बिट घालण्याआधी खाचेतली घाण टाचणीने उकरून काढ आणि हवा मार. तळाशी दोन मिलिमीटर माती असली तर बिट वरच्या वर टेकतो आणि टोकं खाऊन टाकतो. नव्या बिटाने फसलेले बहुतेक बोल्ट या मातीपायी फसलेले असतात.

आटे कुठल्या बाजूचे हे नटाबाहेर डोकावणाऱ्या स्टडवरून ओळखता येतं. स्टड उभा धरलाय असं समजून बघ. समोरच्या बाजूचे आटे उजवीकडे चढत गेले तर सरळ, डावीकडे चढले तर उलटे. बीएमडब्ल्यूच्या जुन्या सहा सिलिंडर इंजिनांवर पंख्याचा ३२ एमएमचा मोठा नट उलट्या आट्याचा आहे. तो सोडायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. उलट्या आट्याच्या नटाला पुष्कळदा कोपऱ्यांवर खाचा मारलेल्या असतात. खात्री करायला लांब जाऊ नकोस. तुझ्याच गॅरेजात वेल्डिंगच्या अ‍ॅसिटिलीन सिलिंडरवर तसला नट आहे, जाऊन बोट फिरव.

आता क्रँकपुलीचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त हाल तिथे होतात. अ‍ॅम्बेसेडरला पुलीच्या तोंडाशी दातेरी नट असतो. त्या दातांत हँडल अडकवून गाडी सुरू करायची, म्हणून ते दात. नव्या पोराला दात दिसतात आणि तो त्यातच छिन्नी घालून हातोडी मारतो. दात हँडलसाठी आहेत, सोडण्यासाठी मागची सहाकोनी कड आहे. शिवाय मागच्या वॉशरची पाकळी नटाच्या सपाट बाजूवर दुमडलेली असते. ती आधी सरळ कर, नाहीतर दांड्याला पाइप लावून दोघं लोंबकळलात तरी उपयोग नाही.

होंडाच्या जुन्या इंजिनांत, १९९८ ला आपल्याकडे आलेल्या पहिल्या सिटीतसुद्धा, गंमत उलटी आहे. बोल्ट साधा सहाकोनी, सरळ आट्याचा. पण पुलीच्या मधोमध ५० एमएमचा सहाकोनी खळगा आहे. पोरं त्याला नक्षी समजतात. पुली धरून ठेवायचं हत्यार त्यात बसतं, मधल्या भोकातून गोटी जाते, एकाने धरायचं, दुसऱ्याने सोडायचं. आणि ती स्टार्टरची युक्ती, दांडा चेसिसला टेकवून सेल्फ मारायचा, मला अजिबात पसंत नाही. दांडा निसटला तर रेडिएटर फाडतो नाहीतर हात. पण करणारे करतात, म्हणून सांगून ठेवतो: या होंडा इंजिनांवर ती चालतच नाही. ती उलट्या बाजूला फिरतात, सेल्फ मारला की बोल्ट आणखी आवळतो.

अल्टरनेटरची पुलीही अशीच चकवते. काही नव्या गाड्यांत पुलीला नटच दिसत नाही. पुढची प्लॅस्टिकची टोपी काढ. आत ३३ दात्यांची खाच दिसेल, आणि तिच्याही आत शाफ्टच्या टोकाला टी-५० किंवा एम-१० एक्सझेडएन. इथे पुली म्हणजेच नट. शाफ्ट आतून धरायचा आणि दातेरी गोटीने पुली फिरवायची. पुलीला पाइप पाना लावलास तर पट्ट्याच्या खाचा जातील आणि नवा पट्टा महिन्यात फाटेल.

गंजलेल्या नटाला बाराकोनी गोटी लावू नकोस, सहाकोनीच लाव. आधी किंचित आवळ, मग सोड. गॅसने तापवायचा तर नट तापव, स्टड नाही, आणि जवळ पेट्रोलची नळी नाही ना ते बघ. अगदीच हटून बसला तर नट छिन्नीने फाड. नट चार आण्यांचा, स्टड हेडमध्ये बसलेला असतो.

बाजारात हत्यार मिळत नसेल तर बनवायचं. नरम साबणाची वडी नटावर दाबून ठसा घे, वर्निअरचे आकडे कागदावर लिही आणि इकडे कोल्हापूरला ये. उद्यमनगरात लेथवाला दिवसभरात करून देईल. साध्या लोखंडाचं करू नकोस, ईएन-२४ घे. साधं लोखंड पहिल्याच जोरात दात सोडतं आणि वर तुझा नट खराब करून ठेवतं. जुन्या मोठ्या गोटीचं तोंड कापून, घासून दात काढले तरी चालतं. माझ्या अर्ध्या गोट्या तशाच आहेत. झालं की त्यावर गाडीचं नाव पंच कर.

विकत घ्यायचं तर आधी नाना पेठेत विचार, मग बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात फिर. तिथे जुने विलायती पाने ढिगात पडलेले असतात. त्यांच्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस. ३/८ डब्ल्यू लिहिलेल्या पान्याचं तोंड १८ एमएमचं निघेल. व्हिटवर्थच्या पद्धतीत आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नव्हे. वर्निअर खिशात घेऊन जा आणि विकणाऱ्यासमोर मोजू नकोस, भाव वाढवतो.