जुन्या स्पोर्ट्स मोटारीचा संसार

कला शाखेच्या वार्षिकात मोटारीवरचा लेख पाहून काहींना नवल वाटेल. कार्ब्युरेटर आणि बॅटरी हे विषय तंत्रनिकेतनाच्या अंकात शोभावेत, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु यंत्र हीदेखील माणसाचीच निर्मिती आहे. आणि माणूस आपल्या निर्मितीशी कसा वागतो, हा प्रश्न आपल्या अभ्यासाच्या कक्षेबाहेरचा खासच नाही. एखादी वस्तू वापरणे वेगळे आणि ती सांभाळणे वेगळे. हा फरक जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या बाबतीत फार ठळकपणे दिसतो. अशा गाडीच्या मालकाला सहज विचारावे, तर तो तिच्या दुखण्यांची यादीच सांगू लागतो. आणि सांगताना त्याचा चेहरा मात्र आनंदी असतो. हा विरोधाभास कशातून येतो, याचा शोध घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. त्यासाठी इंग्लंडच्या 'एम.जी.बी.' या गाडीचे उदाहरण घेतले आहे. ही गाडी संख्येने विपुल आणि रचनेने साधी असून तिचे गुणदोष जाणकारांना तोंडपाठ आहेत.

पूर्वपीठिका

ऑक्सफर्ड येथे विल्यम मॉरिस यांचा 'मॉरिस गॅरेजेस' नावाचा मोटारविक्रीचा व दुरुस्तीचा व्यवसाय होता. तेथील व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२० नंतरच्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या, हलक्या बॉड्या चढवून त्या विकण्यास आरंभ केला. 'एम.जी.' ही अक्षरे मॉरिस गॅरेजेसचीच आद्याक्षरे होत. १९२९ मध्ये हा कारखाना ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या गावी गेला आणि पुढे अर्धशतक तेथेच राहिला. सामान्य कुटुंबाच्या गाडीचे भाग घ्यायचे आणि त्यांतून चपळ, दोन माणसांची उघडी गाडी सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत द्यायची, हे किंबर यांचे सूत्र होते.

१९६२ मध्ये आलेली एम.जी.बी. ही याच सूत्राची परिणती होय. मुख्य अभियंता सिड एनेव्हर यांच्या मार्गदर्शनाखाली ती तयार झाली. चार सिलिंडरचे १७९८ घन सेंटिमीटरचे इंजिन, सुमारे ९५ अश्वशक्ती, आणि ताशी १०० मैलांच्या किंचित पुढे जाणारा वेग, अशी तिची कुंडली मांडता येईल. १९६५ मध्ये छप्पर असलेली 'जी.टी.' आवृत्ती आली. १९८० पर्यंत एकंदर पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक अमेरिकेस गेल्या. सप्टेंबर १९७९ मध्ये कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डनची मोटारनिर्मिती थांबली. 'एम.जी.' हे नाव मात्र मागे राहिले. पुढे ते चिनी उद्योगाच्या ताब्यात गेले, आणि २०१९ पासून गुजरातेतील हालोल येथे तयार झालेल्या गाड्यांवरही ते दिसू लागले. त्या गाड्यांचा ॲबिंग्डनशी संबंध नावापुरताच आहे.

खरा संबंध दुसरीकडेच आहे. आपल्याकडच्या ॲम्बॅसेडरमध्ये १९५९ पासून १४८९ घन सेंटिमीटरचे जे इंजिन बसवले जाई, ते आणि एम.जी.बी.चे इंजिन ही एकाच 'बी सीरीज' घराण्यातील भावंडे. दोहोंत पिस्टनची वर-खाली होण्याची मजल ८८.९ मिलिमीटरच, सिलिंडरचा व्यास मात्र ७३ मिलिमीटरवरून ८० मिलिमीटरच्या थोडा पुढे नेलेला. म्हणजे आपले मिस्त्री टॅक्सीच्या ज्या इंजिनाचा आवाज दुरून ओळखत, त्याच्याच थोरल्या भावावर इंग्लंडचे हौशी तरुण रविवार खर्च करीत होते.

वेगाची जाणीव

या गाडीचे सुख तिच्या वेगात असावे, असा सर्वसाधारण समज आहे. आकडे मात्र तसे सांगत नाहीत. आजची एखादी साधी कौटुंबिक गाडी चढावर तिला सहज मागे टाकील. सुख आहे ते वेगाच्या जाणिवेत. चालक जमिनीलगत, पाय पुढे ताणून बसतो. डोक्यावर छप्पर नसते. सुकाणूला कोणत्याही यंत्राची मदत नसल्याने रस्त्याचा प्रत्येक खडबडीतपणा थेट तळहातांपर्यंत येतो. ताशी ४० मैलांचा वेगही शरीराला कळतो. गिअर बदलताना इंजिनाचा वेग किती हवा, हे कानांनी ठरवावे लागते. सुरुवातीच्या गाड्यांत पहिल्या गिअरला 'सिंक्रोमेश' नव्हते, त्यामुळे हे कसब अंगी बाणेपर्यंत दातांची कुरकुर ऐकावी लागे. थोडक्यात, ही गाडी चालकाला प्रवासी होऊ देत नाही. तो सतत कर्ताच राहतो.

दुखणी व त्यांची लक्षणे

ज्या साधेपणामुळे रस्ता तळहातापर्यंत येतो, त्याच साधेपणामुळे गाडीचे दुखणेही लपत नाही.

किल्ली फिरवली की गाडीच्या मागच्या अंगाकडून टिक्‌टिक्‌ असा आवाज येतो. हा विजेवर चालणारा पेट्रोलचा पंप. कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की टिक्‌टिक्‌ मंदावते व थांबते. ती थांबेचना, तर कोठेतरी पेट्रोल गळते आहे किंवा पंप हवा ओढतो आहे. मुळात आवाजच आला नाही, तर पंपातील संपर्कबिंदू बहुधा जळालेले असतात. अशा वेळी पंपाच्या अंगावर हलकासा ठोका दिला की तो पुष्कळदा चालू होतो. पण ही मलमपट्टी झाली. घरी पोहोचल्यावर बिंदू घासावेत किंवा बदलावेत हे उत्तम.

पुढची पायरी कार्ब्युरेटरची. एम.जी.बी.ला 'एस.यू.' जातीचे दोन कार्ब्युरेटर असतात. त्यांची रचना इतकी सरळ आहे की विज्ञान न शिकलेल्यालाही समजावी. इंजिन जितकी हवा ओढते, तितका एक पिस्टन वर उचलला जातो. त्याच्या टोकाला निमुळती सुई असते. पिस्टन वर गेला की सुई आपल्या छिद्रातून बाहेर सरकते आणि तेवढेच जास्त पेट्रोल सुटते. म्हणजे हवेच्या मागणीनुसार इंधनाचे माप आपोआप ठरते. पिस्टनने एकदम उडी घेऊ नये म्हणून वरच्या नळीत थोडे तेल असते. ते तेल संपले की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते. अशा वेळी नवशिका सगळे इंजिन उघडायला निघतो. जाणता माणूस आधी झाकण काढून चमचाभर तेल घालतो. दोन्ही कार्ब्युरेटर सारखीच हवा ओढतात की नाही, हे पाहण्यासाठी रबरी नळीचे एक टोक कानाला व दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींचा सूं-सूं आवाज ताडून पाहतात. डॉक्टरांच्या नळीची आठवण यावी, असाच हा प्रकार.

विजेच्या तक्रारी सर्वांत कुप्रसिद्ध. या गाड्यांतील विजेचे सामान बहुतांशी 'ल्यूकस' कंपनीचे. जोसेफ ल्यूकस यांना 'अंधाराचा राजपुत्र' म्हणण्याची थट्टा मालकवर्गात जगभर रूढ आहे. परंतु पुष्कळ वेळा दोष दिव्याचा नसून जोडणीवर चढलेल्या गंजाचा असतो. साधे गणित करू. १२ व्होल्टवर चालणारा ६० वॅटचा दिवा ५ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे त्याचा रोध २.४ ओहम. गंजलेल्या जोडणीने केवळ ०.६ ओहमची भर घातली, तर एकूण रोध ३ ओहम होतो, प्रवाह ४ अँपिअरवर येतो आणि दिव्याला सुमारे ३८ वॅटच मिळतात. दिवा नवा, बॅटरी नवी, तरीही दिव्याला मिळणारी शक्ती एक-तृतीयांशाहून अधिक कमी! अशा वेळी जोडणी सोडवून, घासून पुन्हा बसवावी. नवी वस्तू विकत घेण्याची घाई करू नये. सुरुवातीच्या गाड्यांत विद्युत्‌यंत्रणेला मिळून दोनच फ्यूज होते, आणि १९६७ पर्यंत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असे. हे ठाऊक नसलेला माणूस नवा रेडिओ जोडायला गेला, की रेडिओ हमखास जळतो.

पुढच्या चाकांच्या किंगपिनना दर ३,००० मैलांनी ग्रीस द्यावे, असे कारखान्याचे सांगणे होते. या कामाला फारसा वेळ लागत नाही. तरीही झिजलेल्या किंगपिनच्या गाड्या पुष्कळ आढळतात. कारण हे दुखणे आवाज करीत नाही, ते हळूहळू वाढते.

गंज : लपणारा शत्रू

वर सांगितलेली सर्व दुखणी बोलकी आहेत. न बोलणारे आणि म्हणून सर्वांत घातक दुखणे म्हणजे गंज. एम.जी.बी.ला वेगळी चौकट नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. शिवाय उघड्या गाडीला छपराचा आधार नसल्याने दारांखालून जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पोकळ पत्र्याच्या तुळयांवर मोठा भार येतो. मागच्या-पुढच्या चाकांनी उडवलेला चिखल आणि इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ याच पोकळीत साचते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरचा रंग तेव्हाही चकाकत असतो. एखादा विक्रेता तर गंजलेल्या भागावर लांबी भरून वर नवा रंग देतो. जाणकार खरेदीदार म्हणून रंगाकडे पाहतच नाही. तो दाराच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहतो. मग जॅक लावून गाडी उचलतो आणि दार उघडून पाहतो. तुळई कुजलेली असेल तर गाडी मधोमध वाकते, आणि दार अडते. इंजिन दुरुस्त करणे हे कष्टाचे काम असले तरी खर्चाचा अंदाज बांधता येतो. तुळयांचे वेल्डिंग एकदा सुरू झाले की ते कोठे थांबेल, हे कोणीच सांगू शकत नाही. कित्येकांचा संसार येथेच मोडतो, आणि अर्धवट उघडलेली गाडी वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली पडून राहते.

गाडी म्हणजे नेमके काय?

या ठिकाणी मोटारीचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या दारात येऊन उभा राहतो. १९८८ पासून इंग्लंडमध्ये मूळ साचे वापरून एम.जी.बी.च्या संपूर्ण नव्या बॉड्या तयार होऊ लागल्या. जुन्या गाडीचे इंजिन, चाके, आसने अशा नव्या बॉडीत बसवली, तर ती गाडी जुनी की नवी? 'मिलिंदप्रश्ना'त नागसेन राजाला विचारतो, की आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. आणि अखेर रथ हे या सर्वांच्या आधाराने दिलेले एक नाव आहे, असे निष्पन्न होते. इंग्लंडच्या वाहननोंदणी खात्याला इतक्यावर थांबता येण्यासारखे नव्हते. त्याने अनेक वर्षे चक्क गुणांची पद्धत वापरली. मूळ सांगाड्याला ५ गुण. सस्पेन्शन, आस, गिअरयंत्रणा व सुकाणू यांना प्रत्येकी २. आणि इंजिनाला अवघा १! आठ गुण भरले तरच जुना नोंदणी क्रमांक टिकायचा. ज्याला आपण मोटारीचे हृदय म्हणतो, त्याची किंमत कायद्याच्या लेखी सर्वांत कमी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

दुसरा प्रश्न अस्सलपणाचा. अमेरिकेच्या नियमांसाठी १९७४ च्या अखेरीपासून एम.जी.बी.ला काळे, जाड बंपर बसवण्यात आले व गाडी सुमारे दीड इंच उंच करण्यात आली. त्यामुळे वळणावरची तिची पकड बिघडली. पुढे अनेक मालकांनी हे बंपर काढून पूर्वीचे चकचकीत बंपर बसवले आणि गाडी पुन्हा खाली आणली. हा प्रक्षेप दूर करणे झाले, की इतिहासच पुसणे? पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांनी वेगळे पाठ टाकून दिले नाहीत. ते तळटीपांत नोंदवून ठेवले. सुज्ञ मालकही काढलेला भाग जपून ठेवतो आणि काय बदलले, केव्हा बदलले, याची वही ठेवतो. वाहन विकत घेताना अशी वही मिळाली, तर ती नव्या रंगापेक्षा अधिक मोलाची समजावी.

दुसरी बाजू

या छंदाचे गोडवे गाताना त्याच्या मर्यादा झाकणे योग्य होणार नाही. एम.जी.बी.त अपघातात रक्षण करणाऱ्या हवेच्या पिशव्या नाहीत; तिच्या धुरावर आजच्या गाड्यांसारखे नियंत्रण नाही. रोजच्या कामाला एकमेव वाहन म्हणून ती घेणे शहाणपणाचे नाही. काळाशी तडजोडही करावी लागते. २००० च्या आरंभी इंग्लंडमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली. त्या शिशाचा पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करीत असे. तो गेल्यावर कठीण धातूच्या बैठकी बसवून घेणे इष्ट ठरले. २०२१ पासून तेथील साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले, तेव्हा जुन्या रबरी नळ्या बदलण्याकडे लक्ष देणे भाग पडले.

मग एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर आता देता येईल. आजची बहुतेक यंत्रे आपली सेवा उत्तम करतात, पण आपल्याला आत डोकावू देत नाहीत. बिघडली तर संपूर्ण भाग बदलायचा, एवढेच आपल्या हाती उरते. जुनी गाडी उलट आहे. ती पुन्हा पुन्हा बिघडते, परंतु प्रत्येक बिघाडाला कारण असते, आणि ते कारण साध्या माणसाला साध्या हत्यारांनी शोधता येते. टिक्‌टिक्‌ का थांबली, दिवा मंद का झाला, दार का अडले, हे कळले की होणारा आनंद कठीण श्लोकाचा अन्वय लागल्याच्या आनंदाहून फार वेगळा नाही. त्रास आणि आनंद ही येथे दोन निराळी खाती नाहीत. एक वजा केले तर दुसरेही जाते.

ॲम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तिच्या इंजिनावर हात बसलेले मिस्त्री आपल्या गावोगावच्या गॅरेजांत होते. त्यांतले काही अजून आहेत. ऐकून, वास घेऊन, बोटांनी चाचपून निदान करण्याची त्यांची विद्या कोणत्याही पुस्तकात पूर्णपणे उतरलेली नाही. इंग्लंडमध्ये हौशी मालकांनी आपल्या गाड्यांबरोबर ही विद्याही जिवंत ठेवली. आपल्याकडे ती कोणी लिहून ठेवायची, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही. लोकगीते आणि ओव्या गोळा करण्यासाठी खेड्यापाड्यांत जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी एखाद्या दुपारी वही घेऊन जुन्या मिस्त्रीच्या गॅरेजातही जाऊन बसावे. तेथेही टिपून घेण्यासारखे पुष्कळ आहे.